संप्रेरक-उपचार आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द

स्त्रीच्या आरोग्याचा विचार आपल्याकडे मुख्यतः ती माता होते त्या कालखंडापुरता केला जातो. गरोदरपण, बाळंतपण, कुटुंबनियोजन, बालकांचे लसीकरण या विषयांवर गावोगावी व्याख्याने होतात, भित्तिपत्रके लागतात, आणि ते योग्यच आहे. परंतु पाळी गेल्यानंतरही स्त्रीला आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे जगावयाची असतात, आणि त्या वर्षांविषयी तिच्याशी सहसा कोणी बोलत नाही. ती स्वतःही बोलत नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण ओले होते, झोप उडते, गुडघे धरतात, चिडचिड होते. हे सारे ‘वयाचे आहे’ एवढ्या एका वाक्यात घरातली माणसे संपवून टाकतात.

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिक्षिकांच्या प्रशिक्षण वर्गात शासकीय आरोग्य योजनांची माहिती देण्याचा योग आला. वर्ग संपल्यावर पन्नाशीच्या एका बाईंनी पिशवीतून घडी घातलेले एक रंगीत पत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. शहरातील एका खासगी केंद्राचे ते पत्रक होते. ‘बायोआयडेंटिकल’ म्हणजे शरीरातील संप्रेरकांशी तंतोतंत जुळणारी, वनस्पतींपासून तयार केलेली, प्रत्येक स्त्रीच्या गरजेनुसार स्वतंत्रपणे मिसळून दिली जाणारी औषधे तेथे मिळतात, असे त्यात म्हटले होते. “साहेब, हे खरं का? वनस्पतीचं आहे म्हणजे अपाय नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि पैसे तर खूप सांगतात,” बाईंनी विचारले. मी कला शाखेचा पदवीधर. मला उत्तर देता आले नाही. “बाई, माहिती घेऊन कळवतो,” असे सांगून मी पत्रक ठेवून घेतले. पुढे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी झालेल्या चर्चेतून आणि वाचनातून जे हाती आले ते येथे मांडीत आहे. हा प्रश्न त्या एका बाईंचा नाही, हे त्या ओघात ध्यानात आले.

शरीरात काय घडते

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक अंडाशय असते. त्यातून दोन प्रमुख संप्रेरके रक्तात मिसळतात : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. यांपैकी इस्ट्रोजेन हे एकच द्रव्य नसून तो एक गट आहे. त्यात इस्ट्रॅडिऑल, इस्ट्रोन व इस्ट्रिऑल ही तीन मुख्य. त्यांतही प्रजननक्षम वयात इस्ट्रॅडिऑल सर्वांत प्रभावी. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडाशयाला संदेश देते, अंडाशय त्याला प्रतिसाद देते, आणि या देवघेवीतून मासिक चक्र चालते. अंडाशयातील बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. तो संपत आला की संदेश वाढत जातात, पण प्रतिसाद येईनासा होतो. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. जगभर हे बहुधा ४५ ते ५५ या वयात घडते. भारतीय स्त्रियांत ते सरासरीने सत्तेचाळिशीच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी घडते.

इस्ट्रोजेनचे कार्य केवळ पाळीपुरते नसते. शरीराचे तापमान राखणारे मेंदूतील केंद्र, हाडे, रक्तवाहिन्या, योनिमार्ग व मूत्रमार्ग यांची अस्तरे या सर्वांवर त्याचा प्रभाव असतो. ते ओसरले की तापमानाचे केंद्र अकारण बिथरते आणि अंगातून वाफा निघतात. हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. म्हणूनच साठी-सत्तरीतील स्त्री ओट्यावरून घसरली तर तिचे खुब्याचे हाड मोडते. योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीची जळजळ वारंवार होते. या शेवटच्या तक्रारी स्त्रिया डॉक्टरांपाशीही काढीत नाहीत. वास्तविक त्या सर्वांत सोप्या उपायाने बऱ्या होणाऱ्या आहेत.

घोडीच्या मूत्रापासून कंदापर्यंत

जे संप्रेरक शरीरात कमी झाले ते बाहेरून द्यावे, ही कल्पना सरळ आहे. अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी १९२९ मध्ये गरोदर स्त्रियांच्या मूत्रातून इस्ट्रोन स्वतंत्रपणे वेगळे केले. परंतु औषध म्हणून पुरेल एवढे ते मिळावे कोठून? तोडगा निघाला तो घोड्यांच्या पागेत. गाभण घोडीच्या मूत्रात इस्ट्रोजेन गटातील द्रव्ये विपुल असतात. त्यापासून बनविलेली ‘प्रेमारिन’ ही गोळी १९४२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. गाभण घोडी आणि मूत्र यांसाठी असलेल्या इंग्रजी शब्दांची अक्षरे जुळवूनच तिचे नाव पाडण्यात आले होते.

प्रोजेस्टेरॉनची कथा याहून रंजक आहे. रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने डायोस्कोरिया कुळातील, म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातील, रानटी कंदांत डायोस्जेनिन नावाचे द्रव्य असते व रासायनिक प्रक्रियांनी त्याचे प्रोजेस्टेरॉनमध्ये रूपांतर करता येते, हे शोधून काढले. अमेरिकेतील कंपन्यांनी त्याच्या योजनेत रस घेतला नाही. तेव्हा तो मेक्सिकोत गेला, तेथील कंद गोळा केले आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या बरण्यांतून प्रोजेस्टेरॉन घेऊन एका छोट्या औषध कंपनीच्या दारात उभा राहिला, असे सांगतात. त्यातून १९४४ मध्ये ‘सिंटेक्स’ ही कंपनी उभी राहिली आणि एके काळी सोन्याहून महाग असलेले हे द्रव्य आवाक्यात आले. पुढे सोयाबीनमधील द्रव्यांपासूनही अशी संप्रेरके तयार होऊ लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पत्रकातील मेख तिच्यातच आहे. कंदातील द्रव्याचे संप्रेरक होते ते कारखान्यातील रासायनिक प्रक्रियांनी. मनुष्याच्या शरीरात हे रूपांतर घडवून आणणारी यंत्रणा नाही. तेव्हा कोनफळाची भाजी कितीही खाल्ली तरी अंगात प्रोजेस्टेरॉन वाढणार नाही, आणि रानटी कंदाच्या अर्काचे मलम चोळल्यानेही वाढणार नाही. उलट घोडीच्या मूत्रातून निघालेले द्रव्य मात्र शब्दशः ‘नैसर्गिक’ म्हणावे असे आहे; फक्त त्याचे पुष्कळसे रेणू घोडीचे आहेत, स्त्रीचे नव्हेत. म्हणजे ज्याला जाहिरात नैसर्गिक म्हणते ते प्रयोगशाळेत घडते, आणि जे निसर्गात आयते मिळते त्याला तीच जाहिरात कृत्रिम ठरविते. रेणूची घडण स्त्रीच्या शरीरातील रेणूसारखीच असणे, हा ‘बायोआयडेंटिकल’ या शब्दाचा खरा अर्थ. तो रेणू कोठून आला याच्याशी त्याचा संबंध नाही.

उत्साह, धास्ती आणि पुन्हा उत्साह

या उपचाराचा इतिहास लंबकासारखा हेलकावत आला आहे. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्ती हा रोगच आहे आणि इस्ट्रोजेनच्या गोळीने स्त्रीचे तारुण्य टिकते, असा त्याचा सूर होता. त्या पुस्तकाने अमेरिकेत या गोळ्यांचा खप प्रचंड वाढला. विल्सन यांच्या संस्थेस औषध कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते, ही बाब मागाहून उघड झाली.

डिसेंबर १९७५ मध्ये एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या आतील अस्तराचा कर्करोग सुमारे साडेचार ते साडेसात पट अधिक आढळला होता. कारणही स्पष्ट होते. इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढते व प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालते. एकटे इस्ट्रोजेन दिल्यास आवर घालणारे कोणी राहत नाही. तेव्हापासून एक नियम पक्का झाला : ज्या स्त्रीचे गर्भाशय शाबूत आहे तिला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषध दिलेच पाहिजे. हा नियम आजही अबाधित आहे.

पुढचा हेलकावा अधिक मोठा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा व्यापक अभ्यास हाती घेतला. त्याच्या एका भागात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना घोडीच्या मूत्रापासूनचे इस्ट्रोजेन व कृत्रिम प्रोजेस्टिन यांची गोळी, तर निम्म्यांना निरुपद्रवी गोळी देण्यात आली. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला, कारण स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. वृत्तपत्रांनी ‘२६ टक्के वाढ’ असा मथळा दिला. आकडा खोटा नव्हता. पण त्याचा अर्थ असा की, दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ जणींना स्तनाचा कर्करोग झाला. हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही थोड्या अधिक आढळल्या. उलट खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण दहा हजारांमागे १५ वरून १० वर आले. शिक्षकांनी टक्केवारीचा पाठ शिकविताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. ‘२६ टक्के’ आणि ‘दहा हजारांत आठ’ या दोन्ही बाबी एकाच वेळी खऱ्या असतात, पण ऐकणाऱ्याच्या मनावर त्यांचा परिणाम मात्र निराळा होतो.

त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाहून अधिक वर्षे लोटली होती, याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. गर्भाशय काढलेल्या व केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या १०,७३९ स्त्रियांचा दुसरा भाग २००४ मध्ये थांबला. त्यात पक्षाघाताचे प्रमाण वाढले होते, परंतु स्तनाचा कर्करोग वाढलेला नव्हता. पन्नाशीतील स्त्री आणि सत्तरीतील स्त्री, गर्भाशय असलेली आणि नसलेली, या सर्वांना एकच निष्कर्ष लावता येत नाही, हे समजण्यास पुढे बरीच वर्षे गेली. तोवर लक्षावधी स्त्रियांनी उपचार सोडून दिला होता.

याच पोकळीत ‘बायोआयडेंटिकल’ हा शब्द फोफावला. डॉक्टरांवरचा विश्वास उडालेल्या, पण त्रास न थांबलेल्या अमेरिकन स्त्रियांना काही औषधालये स्वतः मिसळलेली मलमे, कुप्या व त्वचेखाली पेरावयाच्या गोळ्या देऊ लागली. अभिनेत्री सुझान सोमर्स यांच्या २००६ मधील ‘एजलेस’ या पुस्तकाने त्यांस मोठी प्रसिद्धी दिली. लाळेची तपासणी करून प्रत्येकीसाठी स्वतंत्र मात्रा ठरविली जाते, असा दावा केला जाई. वास्तविक लाळेतील संप्रेरकांचे प्रमाण दिवसभरात बदलत असते आणि त्यावरून मात्रा ठरविण्यास शास्त्रीय आधार नाही. मात्रा ठरते ती तक्रारी किती कमी झाल्या यावरून. कारखान्यातील औषधाच्या वेष्टनात धोक्यांचा इशारा छापलेला असतो. औषधालयात मिसळलेल्या मलमाच्या डबीत असा कागद नसे. साहजिकच ज्यावर इशारा नाही ते सुरक्षित, असा समज पसरला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००८ मध्ये अशा सात औषधालयांना त्यांच्या दाव्यांबद्दल ताकीद दिली. २०२० मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने या मिश्रणांचा वापर मर्यादित करावा असा अभिप्राय दिला. ती परिणामकारक व सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा समितीस मिळाला नव्हता.

मिसळून दिलेल्या औषधांतील धोका काल्पनिक नाही. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील अशाच एका औषधालयाच्या पाठदुखीवरील इंजेक्शनांत बुरशी शिरली व साठांहून अधिक रुग्ण दगावले. ती औषधे संप्रेरक-उपचाराची नव्हती. परंतु तपासणीवाचून मोठ्या प्रमाणावर औषध मिसळले गेले म्हणजे काय होऊ शकते, ते त्यातून दिसले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे कायदा कडक करण्यात आला.

मग बाईंना काय सांगावे

पहिली गोष्ट अशी की, शरीरातील रेणूशी जुळणारी संप्रेरके ही कोणा एका केंद्राची मिरास नाही. इस्ट्रॅडिऑलच्या गोळ्या व जेल, तसेच सूक्ष्मकण प्रोजेस्टेरॉनच्या कुप्या औषध नियंत्रकांच्या देखरेखीखाली कारखान्यांत तयार होतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साध्या औषधाच्या दुकानात मिळतात. प्रत्येक गोळीत किती मात्रा आहे हे वेष्टनावर छापलेले असते. तेव्हा ‘बायोआयडेंटिकल’ हवे असेल तर ते घेता येते, पण त्यासाठी अज्ञात मिश्रणाची गरज नाही.

दुसरी गोष्ट, रेणू जुळला म्हणजे धोका संपला असे नव्हे. स्त्रीच्या स्वतःच्या अंडाशयातील इस्ट्रोजेननेही गर्भाशयाचे अस्तर वाढतेच. मात्र काही बाबतींत प्रकारभेदाने फरक पडतो, हेही खरे आहे. गोळीच्या रूपाने पोटात गेलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाते आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढविते. त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्रोजेनने तो तसा वाढत असल्याचे दिसत नाही. फ्रान्समध्ये शिक्षकांच्या आरोग्य विमा संस्थेच्या सभासद असलेल्या सुमारे एक लाख स्त्रियांची पाहणी १९९० पासून चालू करण्यात आली. तीत कृत्रिम प्रोजेस्टिन घेणाऱ्यांपेक्षा प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, एवढे भान राखून तिचा विचार करावा.

आजचे वैद्यकीय मत थोडक्यात असे : साठीच्या आतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, आणि तक्रारींनी हैराण झालेल्या निरोगी स्त्रीला या उपचाराचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या वा यकृताचा गंभीर विकार झालेल्या स्त्रीला तो सहसा दिला जात नाही. केवळ योनिमार्गाच्या कोरडेपणासाठी अल्प मात्रेचे स्थानिक मलम पुरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक चौकटीतील बहुतेक इशारे काढण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे जाहीर केले. एकट्या इस्ट्रोजेनने होऊ शकणाऱ्या गर्भाशयाच्या कर्करोगाविषयीचा इशारा मात्र कायम ठेवला. लंबक पुन्हा हलला आहे. तो पुन्हा टोकाला जाऊ नये एवढीच अपेक्षा.

आणि एक सूचना औषधाइतकीच महत्त्वाची आहे. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, मग तो एक थेंब का असेना, तर तपासणी करून घेतलीच पाहिजे. ‘पाळी परत आली’ असे म्हणून तो अंगावर काढणे जिवावर बेतू शकते.

ज्यांची रजोनिवृत्ती शस्त्रक्रियेने झाली

आतापर्यंतचे विवेचन वयोमानाने पाळी गेलेल्या स्त्रियांविषयी झाले. पंचायत सदस्यांना अधिक निकटचा असा दुसरा प्रश्न आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याची माहिती जून २०१९ मध्ये विधान परिषदेत देण्यात आली. त्यानंतर श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ऊसतोडणीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल. फडात गैरहजर राहिले तर खाडा. अंगावरून पांढरे जाते किंवा पाळीचा त्रास होतो म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ असे सांगितले जाई आणि तिलाही ते पटे, कारण तिला आजारी पडण्याची सवडच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासंबंधीची केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला आहे.

पण ज्यांच्या शस्त्रक्रिया होऊन गेल्या त्यांचे काय? गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशये काढली असतील तर स्त्रीची रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते. पस्तिशीतील बाईची हाडे जणू पन्नाशीत ढकलली जातात. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. केवळ गर्भाशय काढले व अंडाशये राखली, तरीही ती काही वर्षे आधीच थकण्याचा संभव असतो. अशा स्त्रियांत पाळी नसल्यामुळे बदल केव्हा झाला हे कळण्याची खूणही उरत नाही.

संप्रेरक-उपचाराची खरी निकड कोणाची असेल तर ती या स्त्रियांची. कमी वयात अंडाशये गमावलेल्या स्त्रीने, अन्य कोणती हरकत नसल्यास, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यावे असा वैद्यकीय संकेत आहे. गर्भाशय नसल्याने तिला प्रोजेस्टेरॉनची आवश्यकता बहुधा नसते. म्हणजे तिचा उपचार तुलनेने सोपा आणि त्याविषयीचा पुरावाही अनुकूल. तरीही रंगीत पत्रके शहरातील सुखवस्तू घरांत पोचतात आणि फडातील बाईपर्यंत यातील एक अक्षरही पोचत नाही. माझ्या मते या विषयातील खरा अन्याय हा आहे.

याबाबतीत ग्रामपंचायतीस एक काम सहज करता येण्यासारखे आहे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक स्त्रीपाशी दवाखान्याचे कार्ड आहे काय, आणि त्यावर अंडाशये काढल्याची नोंद आहे काय, हे आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने पाहावे. अनेकींनी ती कागदपत्रे कोपीवर जाता-येता हरवली असतील. नसल्यास दवाखान्याकडून नक्कल मागावी. ती नक्कल मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. ते कार्ड घेऊन स्त्रीने ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात जावे आणि एवढेच विचारावे : “माझी अंडाशयं आहेत की काढली? काढली असतील, तर मला औषध लागेल का?”

पत्रक दाखविणाऱ्या बाईंना मी पुढे दूरध्वनीवरून वरील बहुतेक मजकूर सांगितला. त्या जिल्हा रुग्णालयात जाऊन आल्या होत्या. त्यांना जेल देण्यात आले होते, सोबत रात्री घ्यावयाची कुपी. झोप लागू लागल्याचे त्यांनी सांगितले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “साहेब, आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाई आहेत, वय अडतीस. बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली त्यांची. त्यांना घेऊन जाऊ का मी?” जाताना कार्ड बरोबर न्यावे, एवढे मी त्यांना सांगितले.